माळव्यात राजहंस पाळायचे तर जात कोणती? दसरा-दिवाळीच्या खरेदीसाठी सल्ला

सोयाबीन खळ्यावर आले आणि रात्रीची हवा गार व्हायला लागली, की इंदूरच्या आसपास राजहंस घ्यायची वेळ झाली असे समजावे. आपल्याकडे माद्या साधारण थंडीत अंड्यावर येतात आणि मार्चनंतर ऊन चढले की थांबतात. हा पक्षी जोडी धरून राहतो. नवा नर आणि नव्या माद्या एकमेकांना रुळायला किमान महिनाभर घेतात. डिसेंबरात पक्षी आणले तर अंडी मिळतीलही, पण त्यांतली बरीच फळलेली नसतात. म्हणून सांवेर, देपालपूर, महू या भागात ज्यांना यंदा सुरुवात करायची आहे त्यांनी दिवाळीपर्यंत खरेदी उरकावी.

जात कोणती, याचे उत्तर आधीच देऊन टाकतो: चिनी. पांढरी किंवा तपकिरी, रंगाने फरक पडत नाही. पण हे उत्तर का, आणि बाजारात तीच जात ओळखायची कशी, हे समजल्याशिवाय पैसे काढू नयेत.

पाळीव राजहंसांची दोन घराणी आहेत. एक युरोपातले, करड्या रानहंसापासून आलेले: एम्डेन, टूलूझ, पिल्ग्रिम, रोमन, कुरळ्या पिसांचा सेबास्टोपोल हे सगळे त्यातले. दुसरे आशियातले, लांब मानेच्या हंसापासून आलेले: चिनी आणि आफ्रिकन. आफ्रिकन हे नावच फसवे. तिचे मूळही आशियातच. दोन्ही घराण्यांचा संकर होतो आणि ती संतती पुढे पिल्लेही देते. त्यामुळे हाटात दिसणारे बरेचसे पक्षी सरमिसळ असतात, विकणारा काहीही नाव सांगो.

नाव ऐकू नका, कपाळ आणि मान पाहा. चोचीच्या मुळाशी, कपाळावर टेंगळासारखी गाठ असेल तर रक्त आशियातले. पांढऱ्या चिनीत गाठ आणि चोच नारिंगी असते, तपकिरीत काळी, आणि तपकिरीच्या मानेवर मागून डोक्यापासून खाली गडद पट्टा उतरतो. युरोपातल्या जातींना गाठ नसते, चोच नारिंगी किंवा गुलाबीसर असते आणि मानेची पिसे नांगरलेल्या तासांसारखी खोल रेषांत दुमडलेली दिसतात. चिनीची मान गुळगुळीत असते. पांढरा पक्षी, निळे डोळे, म्हणून एम्डेन असे कोणी सांगेल. निळे डोळे पांढऱ्या चिनीलाही असतात. गाठ पुसट आणि मानेवर अर्धवट रेषा असतील तर तो संकर. संकर वाईट नाही, फक्त त्याला शुद्ध एम्डेनची किंमत देऊ नये. आफ्रिकन आणि चिनी यांत घोटाळा होतो: आफ्रिकन जड, आडव्या अंगाची आणि गळ्याखाली गाईसारखी पोळी लोंबणारी; चिनी सडपातळ, ताठ उभी, पोळी नसलेली. एकदोन आठवड्यांच्या पिल्लांत यातले काहीच दिसत नाही, गाठ नंतर वाढते. पहिल्यांदा घेणाऱ्याने पिल्ले न घेता पाच-सहा महिन्यांपुढचे पक्षी घ्यावेत.

आता वजनाचा मोह. एम्डेनचा नर ९ किलोच्या वर जातो, टूलूझही तसाच, आफ्रिकन नर ८ ते १० किलोंचा. चिनी नर ४.५ ते ५.५ किलो, मादी ३.५ ते ४.५. कागदावर भारी जात दुप्पट. पण चिनी मादी चांगल्या सांभाळात हंगामाला ४० ते ६० अंडी देते, भारी जाती साधारण २५ ते ४० वर थांबतात. शिवाय भारी नराला जमिनीवर जोडी लावणे जड जाते. त्याला पोहण्याइतके पाणी असले तर अंडी जास्त फळतात. आणि एका भारी नरामागे दोन-तीनच माद्या ठेवाव्या लागतात, चिनी नर चार-पाच माद्या सांभाळतो. म्हणजे तेवढ्याच पिल्लांसाठी नरांचे खाणे जवळजवळ दुप्पट.

माळव्याची माती आणि मे महिना हा याहून मोठा अडसर. पारा चाळिशीपार गेला की जड, चरबीचा पक्षी चोच उघडून धापा टाकत सावलीत बसतो, चरत नाही, नराची फळवण्याची ताकद घटते. पावसाळ्यात काळी माती चिकटून बसते. टूलूझसारख्या पोटाची झोळ जमिनीला टेकणाऱ्या जातीचे पोट आणि पाय महिनोन्महिने चिखलात राहतात, तळव्याला भेगा आणि मग गळू होतात. चिनी उंच पायाची, चपळ, दूरवर चरणारी. मांसासाठीच पाळायचे, जवळ शेततळे आहे, मुरूम टाकलेले आवार आहे, अशांनी एम्डेनचा नर चिनी माद्यांवर वापरून पाहायला हरकत नाही. पिल्ले वजनदार होतात आणि माद्यांची अंडी चिनीचीच राहतात. काश्मिरातला ‘अँझ’ हा नोंदणी झालेला देशी राजहंस आहे, पण तो तिथल्या थंड, पाणथळ मुलखात वाढलेला. तो इथे आणायचा खटाटोप करू नये.

चिनीचा एक दोष मात्र लपवण्यासारखा नाही: आवाज. सगळ्या जातींत ही सर्वांत गोंगाटी. शेतावर राखणीला उत्तम, अनोळखी माणूस, कुत्रे, कोल्हा, कोणीही आले की कळप गाव उठवतो. पण शहरातल्या कॉलनीत, भिंतीला भिंत लागून घरे असतील तिथे, शेजाऱ्यांशी भांडण ठरलेले. तिथे राजहंस पाळूच नयेत, कोणतीही जात असो. हंगामात नर माणसाच्या अंगावरही येतो. लहान मुले अंगणात खेळत असतील तर नराला वेगळे आवार हवे.

खरेदीच्या दिवशी पक्षी चालवून पाहा. लंगडतो का, तळव्यावर कडक गाठ आहे का, श्वासाला घरघर आहे का, डोळ्यांत पाणी आहे का. पंखांची टोके अंगाला चिकटून असावीत. शेवटची पिसे बाहेरच्या बाजूला वळलेली असतील तर पिल्लूपणी प्रथिने आणि दाणा गरजेपेक्षा जास्त देऊन वाढवलेला पक्षी आहे. तो अंडी देईल, पण त्यासाठी पूर्ण भाव देऊ नका. नर-मादी ओळखायला नुसता आकार पुरत नाही. चिनी नराची गाठ मोठी आणि आवाज चिरका, मादीचा आवाज जाडसर. शंका असेल तर पशुवैद्यकाकडून शेपटीखालचे अंग तपासून घ्यावे. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. पकडताना पाय धरून उचलू नका, सांधा निखळतो. एका हाताने मान हलकेच धरून दुसऱ्या हाताने पंखांसकट अंग कवेत घ्या, डोके मागच्या बाजूला ठेवा.

सुरुवातीला एक नर आणि चार माद्या पुरेत. दोन नर एकाच लहान आवारात ठेवले तर सगळा हंगाम मारामारीत जातो. घरी कोंबड्या किंवा बदके असतील तर नव्या पक्ष्यांना २१ दिवस वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यांत ठेवावे.

रात्रीचा निवारा सुरुवातीपासून पक्का हवा. एका पक्ष्याला ६ ते १० चौरस फूट जागा धरा. जमीन आजूबाजूपेक्षा वीतभर उंच, वर मुरमाचा थर, त्यावर कोरडे भुसकट. भुसकट बुरशी लागलेले असेल तर फुफ्फुसाचा आजार होतो, म्हणून पावसात भिजलेला सोयाबीनचा भुसा वापरू नये. बाजूने हवा खेळती राहावी, पण जाळी मुंगूस किंवा मांजर शिरणार नाही इतकी बारीक असावी. तळे असणे सक्तीचे नाही. डोळे आणि नाकपुड्या बुडतील इतके खोल भांडे मात्र रोज ताजे भरलेले हवे. उथळ थाळीत पाणी दिले तर नाकपुड्या चिकटतात आणि डोळे येतात.

चराई हा राजहंसाचा मुख्य घास. हरियाली, बांधावरचे कोवळे गवत, थंडीत बरसीम किंवा लसूणघास. पेरू, लिंबूच्या बागेत गवत काढायला ते कामाचे, पण पहिल्या दोन-तीन वर्षांच्या रोपांची साल सोलतात, खोडाला जाळी बांधा. गहू उगवलेल्या शेतात सोडू नका; त्यांच्या लेखी तेही कोवळे गवतच.

अंड्यावर यायच्या तीन-चार आठवडे आधी दाणा सुधारावा. १० किलो मिश्रणासाठी: भरडलेला मका ५.५ किलो, गव्हाचा कोंडा २.२ किलो, सोयाबीनची डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) १.६ किलो, शिंपल्यांचा चुरा अर्धा किलो, खनिज मिश्रण १७० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. यात प्रथिने साधारण साडेपंधरा टक्के बसतात. चरायला भरपूर असेल तर पक्ष्यामागे दिवसाला १५० ते २०० ग्रॅम पुरे. वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा आणि वाळूचे खडे कायम ठेवा. लाडाने जास्त दाणा घातला की मादीच्या पोटात चरबी धरते आणि अंडी घटतात.

डीओसीऐवजी खळ्यावरचे कच्चे सोयाबीन घालू नका. त्यातला घटक प्रथिने पचू देत नाही. तेलगिरणीत उष्णता लागल्यावरच तो मोडतो. मक्याच्या बाबतीत याहून कडक राहावे. पावसात निघालेला ओलसर मका, जुनी शेंगदाणा पेंड यांत बुरशीचे विष तयार होते आणि बदके व राजहंस त्याला कोंबडीपेक्षा कितीतरी हळवे असतात. पिल्ले तर एका रात्रीत मरतात. वास आलेला, हिरवट-काळी बुरशी दिसणारा दाणा धुऊन, वाळवूनही वापरू नये. विष उन्हाने जात नाही.

याच दिवसांत हरभरा-गव्हाची पेरणी असते, आणि बीजप्रक्रिया केलेले गुलाबी-लाल बियाणे गोणीत उरते. त्यात थायरम हे बुरशीनाशक असेल तर पक्ष्यांचे पाय वाकडे होतात आणि अंडी मऊ कवचाची पडतात. ते बियाणे कुलपात ठेवा. पेरणीच्या वेळी बांधावर सांडलेले दाणेही उचला. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडची आमिषे टाकली असतील तर तो मळा महिनाभर बंद. कुंपणाला बेशरम लावलेली असते आणि कडेने एरंड उगवतो, दोन्ही विषारी. पोट भरलेला पक्षी सहसा शिवत नाही, पण कोंडलेला भुकेला खातो.

सिरपूर आणि यशवंतसागर या तलावांवर थंडीत रानबदके आणि रानहंस उतरतात. आपला कळप तिथे चरायला नेऊ नका, आणि तिथल्या अंड्यांना, पिल्लांना, पक्ष्यांना हात लावणे १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. २०२०च्या डिसेंबरअखेर इंदुरात कावळे मरून पडले तेव्हा भोपाळच्या प्रयोगशाळेत बर्ड फ्लूचा एच५एन८ विषाणू निघाला होता. राजहंस असा विषाणू बाहेरून ठणठणीत दिसतानाही बाळगू शकतो. पाणवठ्याजवळ मेलेला पक्षी दिसला तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवा आणि कळप आवारात कोंडा.

पहिल्या हंगामातली अंडी लहान असतात आणि कमी फळतात. मादी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खरी भरात येते. म्हणून नव्या कळपाची सुरुवातीची आठ-दहा अंडी खायला वापरा, नंतरची उबवायला ठेवा. दिवसातून दोनदा गोळा करा, थंड खोलीत टोक खाली करून ठेवा, रोज एकदा बाजू बदला आणि आठवड्याच्या आत बसवा. चिनी अंडे २८ ते ३० दिवस घेते. खुडूक कोंबडीखाली बसवायचे असेल तर चार-पाचच ठेवा आणि दिवसातून तीन-चार वेळा हाताने फिरवा. एवढे जड अंडे कोंबडीला उलटवता येत नाही.