माल्टच्या गिरणीला मोटर जोडताना
घरच्या बिअरसाठी माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) भरडायच्या रोलर गिरणीला मोटर लावताय? मग आधी वेग बघा. साधी चार पोलची मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. एवढ्या वेगात टरफलांचा चुरा होतो आणि गाळताना सगळं चोंदतं. मोटरवर २ इंची, गिरणीवर १६ इंची पुली घातली की फेरे १८० वर येतात, तेवढेच हवेत. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ धातूच्या पट्ट्यांनी) रोलरमधली फट १.२ मिमी ठेवून मूठभर भरडून बघा: दाणा फुटलेला, टरफल जवळपास अख्खं. पट्ट्यावर जाळी आणि मोटरला अर्थिंग हवंच हवं. गोव्यात जूनपासून हवा इतकी दमट की माल्ट हवाबंद डब्यातच ठेवावं लागतं. रोलर मात्र कोरड्या ब्रशनेच झाडा, पाणी लागलं की गंज चढलाच.