घर बदलताना सशाच्या टबाची तयारी

टबात लघवी करायला शिकलेला ससा नव्या घरात गेला की चार दिवसांत सगळं विसरल्यासारखा वागतो. विसरलेला नसतो. नव्या फरशीवर त्याचा स्वतःचा वास नसतो, म्हणून तो लेंड्या टाकत हद्द आखून घेतो. तेव्हा जुना वास बरोबर न्यायचा आणि पहिले दिवस जागा लहान ठेवायची, ही तयारी पक्की असली की बाकीचं सोपं जातं.

सामान बांधायच्या आदल्या दोन दिवसांपासून जुना टब धुवायचा नाही. निघायच्या दिवशी त्यातला लघवीनं ओला झालेला कागद आणि दोन मुठी लेंड्या झाकणाच्या डब्यात भरून ठेवायच्या. ज्या फडक्यावर ससा बसतो तेही न धुता घ्यायचं. घरात कुणी नाक मुरडेल, मुरडू द्या. हा डबा टेम्पोत भांड्यांखाली गेला तर संध्याकाळपर्यंत सापडत नाही, म्हणून तो सशाच्या पिंजऱ्याबरोबरच असावा. ससाही टेम्पोच्या मागे नको. आपल्याकडे घरं बहुतेक शाळेच्या सुट्टीत, एप्रिल-मेमध्ये बदलली जातात आणि तीस अंशांच्या वर सशाला ऊन सोसत नाही. सकाळी सातच्या आत निघावं आणि वाटेत पिंजऱ्यात गवत असावं. सशाला ओकता येत नाही, त्यामुळे प्रवासाआधी उपाशी ठेवायचं कारणच नाही. उलट पोट रिकामं राहिलं की आतड्यांची हालचाल मंदावते.

टब दोन लागतात. मांजरासाठी मिळतो तो ट्रे दोन किलोच्या सशाला अपुरा पडतो. भांड्यांच्या दुकानातला प्लास्टिकचा चौकोनी टब घ्यावा, साधारण ४० बाय ६० सेंटिमीटर. ससा आत पूर्ण वळून बसला पाहिजे. मागची बाजू २० ते २५ सेंटिमीटर उंच हवी, कारण ससा शेपटी वर करून कडेलाच लघवी करतो आणि बुटक्या टबातून ती बाहेर उडते. पुढची बाजू मात्र दहाच्या आत कापून कड घासून घ्यावी. म्हाताऱ्या सशाला तेवढंही चढवत नाही, त्याच्यासाठी आणखी खाली.

आत घालायला महागडं काही लागत नाही. तळाला जुन्या वर्तमानपत्राच्या सात-आठ घड्या, गुळगुळीत रंगीत पुरवण्या बाजूला काढून. त्यावर हवं तर भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, आणि सगळ्यात वर खायचं वाळलं गवत, बोटभर तरी जाड. पिंजरात पोषण फारसं नसतं. अंथरायला ते चालतं, पण खाण्याच्या गवताची जागा घेत नाही. कडब्याची धांडं टोचतात. सॉ मिलचा बारीक भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नये, त्याची धूळ सशाच्या नाकात जाते. मांजरासाठीची गोळा होणारी माती तर अजिबात नको, ससा ती चघळतो आणि ती पोटात फुगते. निपाणी भागातल्या लोकांना एक वेगळी सूचना: आधी तंबाखू भरलेल्या पोत्यात सशाचं गवत कधीही ठेवू नका. निकोटिन सशाला विष आहे.

गवत इतकं महत्त्वाचं का, तर ससा खाता खाताच लेंड्या टाकतो. त्यामुळे टबाच्या मागच्या टोकाला गवताची जाळी अशी टांगावी, की टबात बसल्याशिवाय तोंड पोचणार नाही. निम्मं शिक्षण तिथंच होतं. मे महिन्यात घर बदलत असाल तर पावसाळ्याचं गवतही त्याच वेळी भरून ठेवा. एका सशाला खायला आणि अंथरायला मिळून रोज पाव किलो धरलं, तर चार महिन्यांचे तीस किलो होतात. बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजूला तर जुलैत भिंतीसुद्धा घाम गाळतात. पोती फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवावीत. कुबट वास आला, काळे-करडे ठिपके दिसले, तर ती पेंढी टबातही घालू नये.

नवं घर आधी धुवून घ्यावं, पण कशानं, ते फरशीवर ठरतं. आधीच्या भाडेकरूच्या कुत्र्या-मांजराचा वास राहिला असेल तर ससा त्यावर आपला वास चढवायला बघणारच. सशाच्या लघवीतला चुना पांढरा थर होऊन बसतो, तो व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन पुसलं की सुटतो. टब आणि चकचकीत टाइल्ससाठी हे उत्तम. शहाबादी, कडप्पा हे मात्र चुनखडीचेच दगड, संगमरवरही त्यांचाच भाऊबंद. व्हिनेगर त्यांनाच खातं आणि घरमालक डिपॉझिटमधून कापतो. तिथं साबणाचं पाणी आणि कोरडं फडकं बरं. फिनाईलच्या उग्र वासात सशाला टबाचा वास लागत नाही. कपाटातल्या डांबर गोळ्या आधी उचला.

पहिले चार-पाच दिवस एकाच खोलीचा कोपरा, चार फूट बाय चार फूट, जाळीनं अडवलेला. त्यात डब्यातला ओला कागद नव्या टबात तळाला घाला, लेंड्या वर पसरा. टाइल्सवर पाय घसरतात आणि घसरणारा ससा टबापर्यंत जायचाच कंटाळा करतो; म्हणून वाटेवर गोणपाट. तो दुसऱ्याच कोपऱ्यात बसायला लागला तर हट्ट करू नका, टबच तिकडे न्या. शेपटी उचलून मागे सरकताना दिसला की हळूच टबाकडे वळवा, आत गेला की कोथिंबिरीची काडी. ओरडलात तर तो टबाला नाही, तुम्हाला भिऊन राहील. ओला कागद रोज काढावा, पण पहिले दोन आठवडे मूठभर जुनं आत राहू द्यावं.

कोरड्या लेंड्या इकडेतिकडे पडल्या तर काळजी नको, त्या आठ-दहा दिवसांत कमी होतात. लघवी बाहेर होत असेल तर जागा फार लवकर वाढवली असं समजा आणि पुन्हा कोपऱ्यावर या. सलग आठवडा कोरडा गेला की एक खोली वाढवा, दुसरा टब तिथं. परडं, म्हणजे घरामागचं अंगण, सगळ्यात शेवटी, तेही मांजरं-कुत्री बघून. भिंतीवर उभी पिचकारी उडत असेल तर ते वयात आलेल्या, नसबंदी न झालेल्या सशाचं काम, टब त्याला आवरत नाही. शस्त्रक्रियेनंतरही सवय सुटायला चार ते सहा आठवडे लागतात; म्हणून ती घर बदलायच्या आठवड्यात न करता बरीच आधी किंवा ससा नव्या घरात रुळल्यावर करावी.

शेवटचं काम सामान हलवण्याआधीच करून ठेवायचं: सशावर उपचार करणारा डॉक्टर शोधणं. जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशी बघणारे पुष्कळ असतात, सशाला हात लावणारे थोडे. लघवी लालसर दिसली तर खाण्यातल्या रंगामुळेही असू शकते. पण ससा कुंथत असेल किंवा थेंब थेंब होत असेल तर दाखवा. आणि दहा-बारा तास एकही लेंडी पडली नाही, गवताला तोंड लावलं नाही, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री फोन करा.