भारित ट्रसमधील दांड्यांची बले कशी काढावीत

ट्रस म्हणजे सरळ दांडे टोकांना जोडून केलेला त्रिकोणांचा सांगाडा. त्याचे गणित तीन गृहीतांवर उभे असते: सांधे बिजागरीसारखे मोकळे फिरतात, भार फक्त सांध्यांवर येतो आणि एका सांध्यावर मिळणाऱ्या सर्व दांड्यांच्या मध्यरेषा एकाच बिंदूतून जातात. ही गृहीते मान्य केली की दांडा वाकत नाही. तो एकतर ताणला जातो किंवा दाबला जातो, आणि त्यातील बल त्याच्या लांबीच्या दिशेनेच असते. प्रत्यक्षातले सांधे बोल्टने किंवा वेल्डिंगने घट्ट केलेले असतात, तरी सडपातळ दांड्यांमध्ये त्यामुळे पडणारा फरक बहुधा किरकोळ असतो. दांड्यांचे स्वतःचे वजन विचारात घ्यायचे असल्यास ते निम्मे-निम्मे दोन्ही टोकांच्या सांध्यांवर टाकावे.

उदाहरणासाठी ९ मीटर लांबीचा ट्रस घेऊ. खालच्या आडव्या रेषेवर अ, ब, क, ड हे सांधे ३-३ मीटर अंतरावर आहेत. ब च्या वर ४ मीटरवर प आणि क च्या वर ४ मीटरवर फ आहे. अब, बक, कड, अप, पफ, फड, बप, कफ आणि बफ असे ९ दांडे आहेत. अ येथे बिजागरी आधार (आडवे आणि उभे अशी दोन्ही बले पेलणारा), ड येथे रोलर (फक्त उभे बल पेलणारा आधार). ब वर ६० किलोन्यूटन आणि क वर ३० किलोन्यूटन भार खाली लागतो. प्रत्येक तिरप्या दांड्याची लांबी ५ मीटर येते, त्यामुळे त्यातील बलाचा आडवा घटक ०.६ पट आणि उभा घटक ०.८ पट असतो. कोन काढून साइन-कोसाइन शोधण्यापेक्षा लांबीची अशी गुणोत्तरे वापरणे कधीही बरे.

आधी मोजणी करावी. ९ दांडे आणि आधारांची ३ अज्ञात बले मिळून १२ अज्ञाते होतात, आणि ६ सांध्यांवर प्रत्येकी दोन याप्रमाणे समीकरणेही १२ मिळतात. संख्या जुळली म्हणजे ट्रस स्थिर आहेच असे मात्र नाही. दांडे चुकीच्या जागी असतील तर तो तरीही ढासळू शकतो, म्हणून मांडणी डोळ्यांनीही तपासावी.

आता संपूर्ण ट्रस एकच वस्तू मानून अ भोवती मोमेंट (बल गुणिले त्याचे बिंदूपासूनचे लंब अंतर, म्हणजे फिरवण्याचा परिणाम) घ्यावेत: ६० × ३ + ३० × ६ = ३६०, म्हणून ड येथील प्रतिक्रिया (आधाराने ट्रसवर लावलेले बल) ३६० ÷ ९ = ४० आणि अ येथील ९० − ४० = ५० किलोन्यूटन, दोन्ही वरच्या दिशेने. आडवा भार नसल्यामुळे अ येथील आडवी प्रतिक्रिया शून्य आहे.

पुढच्या कामात कौशल्य लागते ते क्रम निवडण्यात. एका सांध्यावर दोनच समीकरणे मिळतात, त्यामुळे जिथे अज्ञात दांडे दोनच आहेत तिथूनच सुरुवात करावी. दुसरी शिस्त चिन्हाची: प्रत्येक अज्ञात दांडा ताणात आहे, म्हणजे तो सांध्याला स्वतःकडे ओढतो, असेच धरावे आणि उत्तर ऋण आले तर तो दाबात आहे असे वाचावे. दाब ‘दिसतो’ म्हणून मध्येच बाण उलटा काढण्याचा मोह टाळावा. बहुतेक चुका तिथेच जन्मतात.

अ येथे उभे संतुलन ५० + ०.८ अप = ० असे होते, म्हणून अप = −६२.५, आडवे संतुलन अब + ०.६ अप = ०, म्हणून अब = ३७.५. यानंतर ब कडे धावू नये, कारण तिथे अजून तीन अज्ञाते आहेत. प कडे जावे: अप दाबात असल्यामुळे तो प ला वर ५० ने आणि उजवीकडे ३७.५ ने ढकलतो, म्हणून बप = ५० आणि पफ = −३७.५. आता ब सुटतो. उभ्या दिशेत ५० − ६० + ०.८ बफ = ०, म्हणजे बफ = १२.५, आडव्या दिशेत −३७.५ + बक + ०.६ × १२.५ = ०, म्हणजे बक = ३०. याच रीतीने फ वरून फड = −५० आणि कफ = ३०, तर क वरून कड = ३० मिळते.

क वर भार नसता, तर बक आणि कड एका रेषेत असल्यामुळे कफ मधील बल शून्य आले असते. असे दांडे पाहताच ओळखता आले तर बरेच श्रम वाचतात, पण ते निरुपयोगी समजून काढून टाकू नयेत: भाराची जागा बदलली की त्यांच्यात बल येते, आणि येथे तर कफ काढल्यास ट्रसच अस्थिर होईल.

मधल्या एखाद्याच दांड्याचे बल हवे असेल तर छेदाची, म्हणजे ट्रस कल्पनेने कापून एकाच भागाचे संतुलन पाहण्याची, पद्धत सोयीची. ती १९व्या शतकातील जर्मन अभियंता ऑगस्ट रिटर यांच्या नावाने ओळखली जाते. पफ, बफ आणि बक यांमधून छेद घेऊन फक्त डावा भाग पाहावा. उरलेले दोन दांडे ज्या बिंदूत मिळतात त्याच बिंदूभोवती मोमेंट घेतला की एकच अज्ञात उरते. बक साठी तो बिंदू फ आहे: ५० × ६ − ६० × ३ = १२०, भागिले ४, म्हणजे ३०. पफ साठी तो ब आहे: ५० × ३ = १५०, भागिले ४, म्हणजे ३७.५, आणि वरचा दांडा असल्यामुळे दाब. सांध्यांवरून आलेली उत्तरे अशी स्वतंत्रपणे पडताळता येतात.

ड हा सांधा आपण वापरलाच नाही. तो तपासणीसाठी राखून ठेवावा. फड मधील ५० च्या दाबाचा उभा घटक ४० हा प्रतिक्रियेशी, आणि आडवा घटक ३० हा कड मधील ताणाशी जुळतो. न जुळल्यास तफावतीचा आकडा निरखून पाहावा. ब येथे बफ च्या आडव्या घटकाचे चिन्ह उलटे पडले असते, तर बक आणि पाठोपाठ कड ४५ आले असते आणि ड येथे १५ ची तफावत दिसली असती. १५ म्हणजे ७.५ ची नेमकी दुप्पट. तफावत एखाद्या घटकाच्या दुप्पट असेल, तर त्या घटकाचे चिन्ह आधी तपासावे.