साइन-कॉसची बेरीज एका साइनमधी बसवताना अल्फाकडं नीट बघा

लातूरला येऊन क्लास लावायलेत त्या अकरावी-बारावीच्या पोरापोरींसाठी लिहायलोय. सूत्र तुम्हाला माहितीच असणार, अ साइन थीटा + ब कॉस थीटा दिलं की अ आणि ब च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ म्हणजे आर, अन् अल्फासाठी ब/अ चा टॅन इन्व्हर्स, मग सगळी राशी आर साइन (थीटा + अल्फा) अशी एका साइनमधी बसते. ३ साइन थीटा + ४ कॉस थीटा जास्तीत जास्त ५, कमीत कमी उणे ५, हे तर तोंडीच येतं.

घोळ सगळा अल्फात आहे. −√३ साइन थीटा + कॉस थीटा घ्या. आर आला २. टॅन अल्फा −१/√३, की लगेच उणे ३० अंश लिहून मोकळे होतात, आणि पर्यायात २ साइन (थीटा − ३०°) असतंच, पेपर काढणारे काय येडे नाहीत. आता थीटा शून्य टाका. मूळ राशी १, तुमचं उत्तर उणे १. गेलं! टॅन दर १८० अंशांनी तीच किंमत देतो, नुसत्या टॅनवरून चरण कळतच नाही. म्हणून आर कॉस अल्फा = अ आणि आर साइन अल्फा = ब, दोन्ही लिहा, दोन्ही म्हणजे दोन्ही. इथं कॉस अल्फा उणे, साइन अल्फा अधिक, म्हणजे दुसरं चरण, अल्फा १५०°. शून्य टाकून बघा, १ येतं.

मला यानं लई छळलंय, कारण अ अधिक असला की टॅन इन्व्हर्स बरोबरच निघतो, अन् कमाल-किमान विचारलं तर अल्फा लागतच नाही, मग आपल्याला वाटतं जमलं की. ट्रिकवाल्या सरांकडं गर्दी असते, असू द्या, मला तर फळ्यावर दोन्ही समीकरणं लिहिणारेच सर खरे वाटतात. सीईटीत ९० मिनिटांत ५० गणितं आहेत हे मान्य, पण शून्य टाकून बघायला किती वेळ लागतो? तिथं निगेटिव्ह नाही तरी २ मार्क जातातच, जेईईत तर वरून १ कापतात.

घाबरू नका पण, एकदा हात बसला की फिजिक्सची दोलनं अन् एसी सर्किट पण सोपी जातात. फक्त साइन २ थीटा + कॉस थीटा असलं काही दिसलं तर हे लावू नका, कोन एकच पाहिजे. आणि साइन थीटा + कॉस थीटा = २ सोडवत बसू नका, ते √२ च्या वर जातच नाही.