नवा संच मागण्याआधी पाण्याचा हिशेब असा करा

परळीच्या औष्णिक केंद्रात मी पाण्याच्या विभागात होतो. बाहेरचे लोक कोळशाच्या वॅगनी मोजायचे, आम्ही केंद्राला पाणी देणाऱ्या, गोदावरीवरच्या खडक्याच्या बंधाऱ्याची पातळी बघायचो. 2013 आणि 2015 मध्ये केंद्र पाण्यावाचून बंद पडलं. म्हणून वीज तयार करणाऱ्या नव्या संचाची चर्चा निघाली की आधी ही आकडेमोड करा.

पेपरातला 'एकूण साठा' बाजूला ठेवा. बंधाऱ्यात पाणी येतं ते माजलगाव धरणातून. त्यात 454 दलघमी (दशलक्ष घनमीटर) मावतं, पण त्यातलं 142 मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी सोडता न येणारं पाणी. आपल्या कामाचं, म्हणजे उपयुक्त साठा, 312.

आता केंद्राची तहान काढा. 250 मेगावॅटचा संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला 60 लाख युनिट. शीतमनोरे (गरम झालेलं पाणी थंड करणारे उंच मनोरे) असलेल्या जुन्या केंद्रांना 2015 च्या केंद्रीय नियमाने युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घातली. म्हणजे संचाला रोज 2 कोटी 10 लाख लिटर, परळीतल्या तशा तीन संचांना 63 हजार घनमीटर. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनअखेर 260 दिवस धरा. सोळा दलघमीच्या थोडं वर जातं. यातलं बहुतेक वाफ होऊन उडतं. पहाटपाळीला मनोऱ्याजवळून सायकलवर जाताना माझ्या चष्म्यावर बारीक तुषार बसायचे.

312 पुढे 16 किरकोळ वाटतात आणि इथेच लोक फसतात. धरणातून सोडलेलं पाणी सिंदफणेतून गोदावरीत आणि मग बंधाऱ्यात येतं. पात्र कोरडं असलं की आधी वाळू पिते, मग काठावरच्या मोटारी. त्यामुळे सोळा पोचवायला कितीतरी जास्त सोडावं लागतं. उन्हाने उडणारं वेगळं. आणि गावांचं पिण्याचं पाणी सगळ्यांच्या आधी, त्यात मला तडजोड मान्य नाही.

म्हणून सरासरी पावसाचं वर्ष धरूच नका. मागच्या वीस वर्षांतलं सगळ्यात वाईट वर्ष काढा. त्या ऑक्टोबरचा उपयुक्त साठा लिहा, पिण्याचं पाणी, बाष्पीभवन आणि वाटेतली गळती वजा करा. उरलेल्याला 63 हजार घनमीटरने भागा. उत्तर 260 च्या खाली आलं तर आहेत तेच संच जूनपर्यंत पोचत नाहीत, नव्याचं सोडाच.

मग दुसरं पाणी शोधायचं. कोराडीचं केंद्र नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी घेतं. तो प्रकल्प रोज 13 कोटी लिटरचा आहे. शहराचं सांडपाणी दुष्काळातही वाहतं. तुमच्या जागेपासून 50 किलोमीटरच्या आत असा प्रक्रिया प्रकल्प आहे का, तेवढं नकाशावर मोजून घ्या.