६/६ दिसतं, तरी धुरकट वाटतं? कॉन्ट्रास्टची तपासणी अशी करा

डोळ्यांच्या दवाखान्यात एक तक्रार वरचेवर ऐकू येते: "अक्षरं वाचता येतात हो, पण स्वच्छ दिसत नाही." तक्ता वाचायला लावला की ६/६, म्हणजे सामान्य नजर, फार तर किंचित कमी, ६/९. चष्म्याचा नंबर तोच. घरी जाताना मुलगा समजावतो, "आई, नजर चांगली आहे म्हणालेत ना डॉक्टर? उगाच मनात घेऊ नकोस." आई गप्प बसते, पण संध्याकाळी जिना उतरताना कठडा सोडत नाही.

तिची तक्रार खरी असते, फक्त तक्ता तिला तो प्रश्नच विचारत नाही. हर्मान स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ साली आणलेला तो तक्ता पांढऱ्यावरचं काळंभोर अक्षर किती बारीक असलं तरी वाचता येतं, एवढंच मोजतो. पण रंग उडालेला गतिरोधक, शहाबादी फरशीच्या पायरीची कड, तांदळातला पांढरा खडा, अंधुक उजेडातला समोरच्याचा चेहरा, हे सगळं काळं-पांढरं नसतं. तिथे जवळजवळ सारख्या छटांमधला फरक ओळखावा लागतो. ही क्षमता म्हणजे कॉन्ट्रास्ट सेन्सिटिव्हिटी. ती मोजता येते, आणि तिचा आकडा घरच्या माणसांनाही समजू शकतो.

पायरी १: आकडा कुठून येतो ते समजून घ्या

पांढऱ्या कागदावरून १०० भाग प्रकाश डोळ्यात येतो आणि त्यावरच्या फिकट अक्षरावरून ९० भाग येतो, असं धरा. फरक १० भागांचा, म्हणजे कॉन्ट्रास्ट १० टक्के. छापील काळं अक्षर १०० टक्क्यांच्या जवळ जातं. अक्षर फिकट करत गेलं की एका टप्प्यावर ते दिसेनासं होतं. जेमतेम दिसलं तो कॉन्ट्रास्ट म्हणजे त्या डोळ्याची किमान मर्यादा.

ही मर्यादा जितकी खाली, तितका डोळा तरबेज. म्हणून आकडा उलटा करतात. १० टक्के म्हणजे एक दशांश, उलटा केला की १०. एक टक्का उलटा केला की १००. मग त्याचा लॉग, म्हणजे तो १० चा कितवा घात आहे ते, घेतात: १० चा लॉग १, १०० चा लॉग २. रिपोर्टवर "१.६५" किंवा "१.८०" असं दिसतं ते हेच. मोठा आकडा म्हणजे चांगली नजर, इतकं पक्कं ध्यानात ठेवलं तरी पुढचं सगळं सोपं जातं.

पायरी २: दोन मेणबत्त्यांनी स्वतः मोजून पाहा

हा प्रयोग मला फार आवडतो, कारण त्याला कसलंही यंत्र लागत नाही. पिएर बुगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात तो केला. त्याचं हे काम त्याच्या मृत्यूनंतर १७६० साली प्रसिद्ध झालं.

रात्री खोलीत पूर्ण अंधार करा. पांढरी, शक्यतो न चमकणारी भिंत निवडा. दोन सारख्या मेणबत्त्या घ्या. एक भिंतीपासून एक फुटावर, जरा बाजूला ठेवा. दुसरी तीन फुटांवर. भिंतीपासून चार बोटं अंतरावर एक पेन्सिल उभी धरा, अशी की लांबच्या मेणबत्तीमुळे पडणारी तिची सावली जवळच्या मेणबत्तीने उजळलेल्या भागात येईल. जवळच्या मेणबत्तीमुळेही एक गडद सावली पडेल, तिच्याकडे दुर्लक्ष करा. आपल्याला फिकटच हवी आहे.

आता घरातल्या कुणाला तरी लांबची मेणबत्ती हळूहळू मागे न्यायला सांगा. सावली फिकट होत जाते. पेन्सिल किंचित हलवली की ती पुन्हा सापडते, मग तीही युक्ती चालेनाशी होते आणि सावली भिंतीत विरते. तिथे थांबा आणि अंतर मोजा.

अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो, तिप्पट झालं की नवव्या हिश्श्यावर येतो. सावलीत फक्त जवळच्या मेणबत्तीचा उजेड असतो, आजूबाजूला दोन्हींचा. त्यामुळे लांबची मेणबत्ती आठपट अंतरावर गेली की सावली आणि भिंत यांत साधारण ६४ व्या हिश्श्याचाच फरक उरतो. बुगेरला सावली दिसेनाशी झाली ती याच सुमारास. ६४ चा लॉग काढला तर १.८ येतो, आणि आज दवाखान्यातल्या तक्त्यावर निरोगी डोळ्याचा आकडाही याच्याच आसपास असतो. दोन मेणबत्त्या आणि एक काठी घेऊन माणूस इथपर्यंत पोहोचला होता, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

तुमची सावली पाचपटीलाच गेली तर मर्यादा सुमारे चार टक्के, आकडा १.४. दहापटीपर्यंत टिकली तर एक टक्का, आकडा २. मात्र हे निदान नव्हे. मेणबत्तीचा उजेड मंद असतो, भिंतींवरून परावर्तित होणारा प्रकाश आकडा बिघडवतो. खरा उपयोग दोन डोळ्यांची तुलना करण्याचा आहे. एकदा उजवा झाकून, एकदा डावा झाकून पाहा. एका डोळ्याला सावली बरीच आधी हरवत असेल आणि पुन्हा पुन्हा तसंच होत असेल, तर तपासणी करून घ्यायला ते पुरेसं कारण आहे. पडदे आणि लहान मुलं मेणबत्त्यांपासून दूर ठेवा.

पायरी ३: एकाच आकड्यात सगळी नजर मावत नाही, ते का

सावली रुंद असताना जो फरक दिसतो तो केसासारख्या बारीक रेघेत दिसेलच असं नाही. म्हणून संशोधक पट्ट्या वापरतात: गडद-फिकट, गडद-फिकट, कधी रुंद तर कधी बारीक. नजरेच्या एका अंशात अशा किती जोड्या बसतात ते मोजायचं. डोळ्यापासून ५७ सेंटिमीटरवर एक सेंटिमीटर म्हणजे जवळपास बरोबर एक अंश, त्यामुळे पट्टी घेऊन कुणालाही हे ताडून पाहता येतं.

टेलिव्हिजनच्या चित्राचा दर्जा अभ्यासणाऱ्या ऑटो शेड या अभियंत्याने १९५६ साली डोळ्याचा असा आलेख प्रसिद्ध केला. पुढे केंब्रिजमध्ये फर्गस कॅम्पबेल आणि जॉन रॉब्सन यांनी १९६८ साली या विषयाचा पाया घातला. आलेख डोंगरासारखा दिसतो. माथा अंशाला सुमारे दोन ते पाच जोड्यांवर, म्हणजे ५७ सेंटिमीटरवरून पाहताना जोडीची रुंदी दोन ते पाच मिलिमीटर असताना. त्याहून बारीक पट्ट्यांना नजर झपाट्याने उतरते, कारण डोळ्याची भिंगं चित्र थोडं पसरवतात आणि डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या (रेटिना) पेशींमध्येही ठरावीक अंतर असतं. अंशाला ५०-६० जोड्यांच्या पुढे कितीही गडद पट्ट्या काढल्या तरी सपाट करडा रंगच दिसतो. फार रुंद पट्ट्यांनाही नजर कमी पडते. तिथलं कारण निराळं आहे: पडद्यातल्या पेशी शेजारच्या पेशींचा संदेश दाबतात, त्यामुळे कडा ठळक होतात आणि सावकाश बदलणाऱ्या छटा सौम्य होतात.

६/६ च्या अक्षराची रेघ या आलेखात अंशाला ३० जोड्यांच्या जागी येते, अगदी उतरंडीच्या टोकाशी. पायरीची कड, माणसाचा चेहरा, रस्त्यावरचा खड्डा यांचा बराचसा भाग माथ्याच्या आसपास असतो. माथा खचला आणि टोक शाबूत राहिलं, की ६/६ दिसूनही जग धुरकट होतं.

कॅम्पबेल-रॉब्सन यांच्या नावाचं एक चित्र इंटरनेटवर सहज सापडतं. त्यात पट्ट्या एका बाजूला बारीक होत जातात आणि वर जाताना फिकट होतात. ते मोबाइलवर उघडा. पट्ट्या जिथे संपल्यासारख्या वाटतात ती कमान चित्रात काढलेली नाही, ती तुमच्या नजरेची आहे. मोबाइल हातभर लांब न्या, कमानीचा माथा रुंद पट्ट्यांकडे सरकेल.

पायरी ४: दवाखान्यात तपासणी कशी व्हायला हवी

सगळ्यात जास्त वापरला जाणारा तक्ता पेली-रॉब्सन. डेनिस पेली, जॉन रॉब्सन आणि अर्नल्ड विल्किन्स यांनी तो १९८८ साली प्रसिद्ध केला. यात सगळी अक्षरं एकाच आकाराची, जवळपास पाच सेंटिमीटर उंच. ओळीत सहा अक्षरं, तीन-तीनचे दोन गट. दर गटाला अक्षरं फिकट होतात, दोन गटांत कॉन्ट्रास्ट निम्म्यावर येतो. सुरुवात काळ्या अक्षरांनी होते आणि शेवट अर्ध्या टक्क्याच्या आसपास, जिथे बहुतेकांना कोरा कागदच दिसतो.

तक्त्यावर सगळीकडे सारखा उजेड हवा, ट्यूबलाइटची चमक किंवा खिडकीचं प्रतिबिंब नको. अंतर एक मीटर. लांबचा चष्मा घातलेला हवा, आणि चाळिशी लागलेल्यांना त्यावर पाऊण नंबरची भर घालून देतात. एक डोळा झाकायचा, पण दाबायचा नाही. दाबलेला डोळा उघडल्यावर काही वेळ स्वतःच अंधुक दिसतो.

मग वाचायला सुरुवात. इथे घाई हा सर्वात मोठा शत्रू. फिकट अक्षर पाहताक्षणी दिसत नाही, नजर स्थिर ठेवली की कागदातून हळूहळू वर येतं. "काहीच नाही" म्हणणाऱ्याला वीसेक सेकंद वेळ द्यावा आणि अंदाजाने का होईना, अक्षर सांगायला लावावं. अंदाज सांगायला संकोच करणाऱ्या माणसाचा आकडा विनाकारण खाली येतो. आपल्याकडची वयस्कर मंडळी "चुकलं तर?" या भीतीने गप्प राहतात. त्यांना आधीच सांगा, इथे चुकायला पूर्ण मुभा आहे.

गटातल्या तीनपैकी दोन अक्षरं बरोबर आली की गट पास. शेवटच्या पास गटाशेजारी छापलेला आकडा तो निकाल. काही ठिकाणी दर अक्षराला ०.०५ धरतात: बरोबर आलेल्या अक्षरांतून तीन वजा करून ०.०५ ने गुणायचं. ३९ अक्षरं बरोबर आली तर १.८०. दुसऱ्या डोळ्यासाठी निराळ्या अक्षरांचा तक्ता लावावा, नाहीतर पाठ झालेलं वाचलं जातं. शेवटी दोन्ही डोळे उघडे ठेवून.

अक्षरं रोमन आहेत म्हणून कुणाची तपासणी टाळू नये. हातात मोठ्या अक्षरांचं कार्ड देऊन "यातलं कोणतं?" असं विचारता येतं. चित्रांचे ली तक्ते आहेत, पट्ट्यांची दिशा विचारणाऱ्या चाचण्या आहेत, अगदी तान्ह्या बाळासाठी फिकट होत जाणारा चेहरा दाखवणारे फलकही आहेत. हातात धरून अर्ध्या मीटरवरून वाचायचा मार्स तक्ता पलंगावरच्या रुग्णालाही चालतो.

मोबाइल अ‍ॅपच्या आकड्यावर मात्र भिस्त ठेवू नका. साध्या स्क्रीनवर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात. पांढऱ्याशेजारची पहिलीच पायरी सुमारे एक टक्का गडद असते, म्हणजे निरोगी डोळ्याची मर्यादा जिथे असते तिथे स्क्रीनकडे दाखवायला छटाच उरत नाहीत.

पायरी ५: आकडा वाचा

तरुण निरोगी डोळा एकट्याने १.८ च्या आसपास असतो. वयाबरोबर थोडी घसरण स्वाभाविक आहे. १.५ च्या खाली गेलं तर कारण शोधायला हवं. १.० च्या खाली म्हणजे दहा टक्क्यांपेक्षा फिकट काहीच दिसत नाही, आणि तिथे रोजचं वावरणंही अवघड होतं.

दोन्ही डोळ्यांनी पाहिल्यावर आकडा एका डोळ्यापेक्षा साधारण ०.१५ ने वाढतो. वाढण्याऐवजी तो चांगल्या डोळ्यापेक्षाही कमी आला, तर अधू डोळा चांगल्याच्या कामात अडथळा आणतो आहे. एकाच डोळ्यात मोतीबिंदू असलेल्यांत असं होऊ शकतं, आणि शस्त्रक्रिया कधी करायची या चर्चेत ही माहिती मोलाची ठरते. पुढच्या वेळी ०.०५ किंवा ०.१० चा फरक आला तर घाबरू नका. ०.३० ने, म्हणजे दोन गटांनी घसरण झाली तर दखल घ्या. तुलना त्याच तक्त्यावर, तशाच उजेडात झाली पाहिजे.

कमी आकडा कोणत्या आजाराचं नाव सांगत नाही. मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहाने बिघडलेला पडदा, आळशी डोळा, पार्किन्सन, कोरडे डोळे, इतकंच काय ओरखडे पडलेला चष्माही आकडा खाली आणतो. म्हणून आधी चष्म्याची काच पुसून, उजेडात धरून पाहा. डोळ्याच्या नसेला सूज आल्यावर तर अक्षरांची नजर पूर्ववत झाली तरी कॉन्ट्रास्ट अनेकदा कमीच राहतो. एका डोळ्याची नजर अचानक उतरली आणि डोळा हलवताना दुखत असेल, तर कुठल्याही तक्त्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

पायरी ६: हा प्रश्न तुम्ही विचारा

चष्म्याच्या दुकानात हा तक्ता बहुधा नसतो. मोठ्या नेत्ररुग्णालयात, विशेषतः लो व्हिजन (चष्म्यानेही पुरेसं न दिसणाऱ्यांच्या) विभागात मिळतो. "कॉन्ट्रास्ट तपासता का?" असं स्पष्ट विचारा. मोतीबिंदूसाठी लेन्स निवडताना तर आवर्जून विचारा. मल्टिफोकल लेन्स प्रकाश दोन-तीन अंतरांत विभागते, चष्म्याची गरज कमी करते, पण त्या बदल्यात कॉन्ट्रास्ट थोडा घटतो. काचबिंदू किंवा पडद्याचा आजार आधीच असलेल्या माणसाला हा सौदा महाग पडू शकतो. आपल्याकडे दृष्टिदोषाच्या अपंगत्वाची टक्केवारी अक्षरांची नजर आणि दृष्टिक्षेत्र यांवरून ठरते, कॉन्ट्रास्ट तिथे धरत नाहीत. मला हे अन्यायाचं वाटतं.

आकडा औषधाने सुधारण्यासारखा नसेल तरी घर बदलता येतं. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला, फक्त पहिल्या-शेवटच्या नव्हे, उठून दिसणाऱ्या रंगाची पट्टी लावा. पांढऱ्या भिंतीवरच्या पांढऱ्या स्विचबोर्डाभोवती गडद टेप चिकटवा. तांदूळ गडद ताटात निवडा, ताक पांढऱ्या कपात देऊ नका, कडप्प्याच्या ओट्यावर मोहरीचा डबा उघडताना खाली पांढरं ताट घ्या. दिवा डोळ्यांसमोर न ठेवता खांद्यामागून, कामाच्या जागेवर पडेल असा लावा.