पूर यायच्या आधी प्रशासनाला कागदावर कसं आणायचं

कृष्णा-पंचगंगेच्या काठावरच्या माणसाला हे सांगायची गरज नाही की पाणी दारात आल्यावर जाब विचारून काही होत नाही, तेव्हा साहेब पण पळापळीत आणि आपण पण. जाब विचारायचे महिने एप्रिल आणि मे. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढताना बोट उलटली, क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती तिच्यात. पाठोपाठ मंत्री, पुढारी सगळे आले, पण त्या गावाला बोटी किती आणि जॅकेट किती हे विचारायची वेळ कधीच निघून गेली होती.

तर आधी काय करायचं, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखडा मिळवायचा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला तो करावाच लागतो आणि दरवर्षी अपडेट पण करावा लागतो, तो करणाऱ्या जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष स्वतः जिल्हाधिकारी. बहुतेक जिल्ह्यांच्या वेबसाईटवर पीडीएफ असते. त्यात आपलं गाव शोधा आणि कोणत्या वर्षीचा आराखडा आहे ते बघा. मागच्याच वर्षाचे फोन नंबर आणि बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्यांची नावं तशीच असतील तर तिथेच तुमचा पहिला मुद्दा सापडला.

मग एप्रिलच्या सुरुवातीलाच माहिती अधिकाराचा अर्ज टाका, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. आपल्याकडे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे निबंध लिहू नका. आणि ‘बोट का दिली नाही’ असं तर अजिबात विचारू नका, ‘का’ ला उत्तर मिळत नाही, सरळ नोंदी मागा: आमच्या गावासाठी बोटी किती, लाईफ जॅकेट किती, इंजिन शेवटचं चालू करून कधी बघितलं, बघणाऱ्याचं पदनाम काय, निवारा केंद्र कुठलं आणि तिथे किती माणसं मावतात. साठा रजिस्टर प्रत्यक्ष बघायला पण मागता येतं, ते जरूर मागा, कारण कागदावर २० जॅकेट आणि गोडाऊनमध्ये पट्टे तुटलेली ८, असं असेल तर ते तिथेच कळणार. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

उत्तर हातात आलं की १ मे ची ग्रामसभा गाठायची. तिथे नुसतं बोलून उपयोग नाही, ठराव लिहून घ्या आणि त्यात पाण्याची पातळी फुटात घाला. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका, सांगलीत आयर्विन पुलाला ४० आणि ४५. आपल्या गल्लीत किती फुटाला पाणी येतं हे म्हाताऱ्या माणसांना पक्कं माहीत असतं, त्यांना विचारून तो आकडा लिहा, आणि त्याच्या दोन-तीन फूट आधी कोण दवंडी देणार, ट्रॅक्टर कोणाचा, जनावरं कुठे नेणार, चारा कोण देणार हे पदनामासकट लिहा. जनावरांचं मी मुद्दाम सांगतोय, गोठ्यात दोन म्हशी असताना माणूस घर सोडत नाही, आणि आराखड्यात बघाल तर चाऱ्याबद्दल एखादी ओळ असते नसते. ठरावाची प्रत तहसीलदार, प्रांत आणि आमदार तिघांना द्या आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय निघू नका.

कोणी म्हणेल कागदाने काय होतंय. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५६ मध्ये ड्युटी टाळणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. खटल्याला आधी सरकारची मंजुरी लागते, त्यामुळे सोपं नाही हे खरं, पण ‘आम्हाला कोणी कळवलंच नव्हतं’ हे शिक्क्याच्या पोचेपुढे टिकत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मात्र एकदा चार पोरं घेऊन जा आणि बोट पाण्यात उतरवायला लावा, सरपंच आणि तलाठी समोर उभे पाहिजेत. इंजिन सुरू होईना झालं तर त्याच दिवशी, तारीख टाकून, दुसरं पत्र.